टॅप केलं की सोडायचं

शाळेत मुलांना ज्युडो-कराटे शिकवायचं म्हटलं की मोठ्यांच्या डोळ्यांसमोर आधी लाथा आणि बुक्केच येतात. पालक विचारतात की पोरगी किती दिवसांत स्वतःला वाचवू शकेल, मुख्याध्यापक विचारतात की वार्षिक कार्यक्रमात फरशा फोडायचं प्रात्यक्षिक ठेवता येईल का, आणि मुलं विचारतात की ब्लॅक बेल्ट कधी मिळणार. तिन्ही प्रश्न समजण्यासारखे आहेत, मी कुणावर रागवत नाही. पण मी इतकी वर्षं शाळांमधून हे शिकवतेय आणि उद्या कुणी म्हणालं की या सगळ्यातली एकच गोष्ट ठेव आणि बाकी काढून टाक, तर मी टॅप ठेवेन.

ज्यांनी कधी मॅटवर पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी सांगते. जोडीदाराने तुम्हाला खाली दाबून धरलंय, दुखतंय, किंवा श्वास कोंडतोय, किंवा यातलं काहीच नाही पण नको वाटतंय, तर हाताने त्याच्या अंगावर नाहीतर मॅटवर दोन-तीनदा थापटायचं. हात अडकला असेल तर पाय आपटायचा, तेही जमत नसेल तर तोंडाने सांगायचं. आणि समोरच्याने ते कळल्याबरोबर सोडायचं. "एवढ्यातच?" म्हणायचं नाही, का थापटलंस ते विचारायचं नाही, अजून एक सेकंद धरून बघू असं तर अजिबात नाही. बस, एवढाच नियम. पहिल्या तासाला हाच शिकवते, त्याआधी कुणी कुणाच्या अंगाला हात लावत नाही.

आता हा नियम सुरक्षिततेसाठी आहे हे उघड आहे, पण मुलांच्या दृष्टीने बघा. लहान मुलाच्या आयुष्यात अशी किती ठिकाणं असतात जिथे त्याने "नको" म्हटलं आणि समोरचा शंभर टक्के, दर वेळेला, काही न बोलता थांबला? मोठी माणसं गाल ओढतात, मांडीवर बसवतात, भावंडं गुदगुल्या करतात आणि मूल हसत हसत नको नको म्हणत असतं आणि सगळ्यांना तो खेळच वाटतो. मॅटवर पहिल्यांदा त्याला असं कळतं की माझ्या हाताच्या दोन थापांनी माझ्यापेक्षा दहा किलोने जड पोरगासुद्धा उठून बाजूला होतो. मी ते बघितलंय, काही मुलं सुरुवातीला उगाचच टॅप करतात, दुखत वगैरे काही नसतं, फक्त हे खरंच चालतं का ते बघायचं असतं त्यांना. मी त्यांना अडवत नाही. खात्री करून घेऊ दे. दहा वेळा करून घेऊ दे.

आणि जो वरती आहे, ज्याच्या हातात त्या क्षणी ताकद आहे, त्याचं शिक्षण तर याहून मोठं आहे असं मला वाटतं. जिंकत असताना सोडून द्यायचं. अंगात जोर आलेला असताना, बाजूची मुलं ओरडत असताना, समोरच्याच्या हाताची हलकी थाप जाणवली पाहिजे आणि त्यावर अंग आपोआप ढिलं पडलं पाहिजे. हे भाषणाने येत नाही. भिंतीवर आदर, शिस्त, संयम अशा पाट्या लावल्या तरी येत नाही. शेकडो वेळा केल्याने येतं. चारित्र्य, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे जे शब्द शाळेच्या माहितीपत्रकात छापतात त्यातलं मला प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसतं ते एवढंच, की एका मुलाचं शरीर दुसऱ्या मुलाने विश्वासाने त्याच्या हातात दिलंय आणि तो ते सांभाळतोय.

ज्युडो ज्यांनी सुरू केला ते जिगोरो कानो मुळात शिक्षक होते, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. शाळेत असताना ते अंगाने लहान होते, दांडगट मुलं त्रास द्यायची, म्हणून जुजुत्सू, म्हणजे जपानची जुनी झुंजीची विद्या शिकले, इथपर्यंतची कथा कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत शोभेल अशी आहे. पण पुढे त्यांनी जे केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. 1882 साली, विशीत नुकतंच पाऊल टाकलेलं असताना, त्यांनी तोक्योमधल्या एका देवळात कोदोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली आणि जुन्या विद्येतले जे डाव जोडीदाराला जायबंदी करतील ते खुल्या सरावातून बाजूला काढले. का, तर दोघांनाही पूर्ण ताकदीने खेळता आलं पाहिजे आणि दोघंही उद्या परत आले पाहिजेत. त्यांचं एक सूत्र होतं की ताकद कमीत कमी वाया घालवून जास्तीत जास्त चांगल्या कामाला लावायची आणि दुसरं सूत्र होतं की मी आणि समोरचा दोघांचंही भलं एकत्रच व्हायचं. हे दुसरं सूत्र मला ज्युडोचा खरा गाभा वाटतं. जोडीदार नसेल तर तुम्ही काहीही शिकू शकत नाही, म्हणून ज्याला आपण पाडतो त्याचे उपकारच असतात आपल्यावर, सुरुवातीला आणि शेवटी वाकून नमस्कार करतात तो त्यासाठी. कानो पुढे शिक्षक तयार करणाऱ्या मोठ्या संस्थेचे प्रमुख झाले, 1909 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर गेलेले आशियातले पहिले सदस्य झाले, पण माझ्यासाठी ते कायम तो शिक्षक आहेत ज्याने मारामारीच्या विद्येला वर्गात बसण्याइतकं माणसाळवलं.

कराटेची गोष्ट पण जवळपास तशीच आहे. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर इतोसु आन्को नावाचे वयस्कर गुरू होते, त्यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कराटे तिथल्या शाळांमध्ये नेलं. तोपर्यंत ही विद्या मोजक्या लोकांत, बंद दाराआड शिकवली जायची, आणि आता समोर वर्गभर पोरं उभी. त्यांच्यासाठी त्यांनी पिनान नावाचे पाच काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने जोडीदाराशिवाय करायच्या हालचाली बसवल्या, सोपे, रांगेत उभं राहून एकत्र करता येतील असे. आज जगभर लहान मुलं हेच काता शिकतात, काही शैलींमध्ये त्यांना हेइआन म्हणतात. 1908 मध्ये त्यांनी कराटेबद्दल दहा मुद्दे लिहून अधिकाऱ्यांकडे पाठवले. त्यात तब्येत सुधारते, कराटे नुसतं एका माणसाशी भांडण्यासाठी नाही, असं चांगलं चांगलं आहेच, पण लहानपणापासून शिकवलं तर पुढे चांगले सैनिक तयार होतील असंही आहे. मी हे मुद्दाम सांगतेय. मुलांना लढायला शिकवा असं मोठी माणसं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मुलांच्या भल्याशिवाय अजूनही काहीतरी असू शकतं. 1930 च्या दशकात जपानमधल्या शाळांत याच युद्धकला मुलांना आज्ञाधारक बनवून युद्धासाठी तयार करायला वापरल्या गेल्या, इतक्या की युद्ध संपल्यावर त्या शाळांमधून बंदच करून टाकल्या होत्या आणि ज्युडोला परत वर्गात यायला 1950 उजाडलं. म्हणून शिस्त शिस्त असा कुणी फार घोष करायला लागलं की मी सावध होते. रांगेत गप्प उभं राहणारं मूल शिस्तीचं असेलही, पण ते घाबरलेलंही असू शकतं, आणि घाबरलेलं मूल स्वतःचं रक्षण करू शकत नाही. आपण त्याला नेमकं उलटं शिकवायला आलोय ना?

टॅपनंतर शिकवते ते पडणं. मुलांना वाटतं की इथे पाडायला शिकवतील आणि मी कितीतरी आठवडे त्यांना फक्त पडायला लावते. आधी पाठीवर झोपून, हनुवटी छातीला लावून डोकं उचललेलं, दोन्ही हात अंगापासून थोडे लांब मॅटवर आपटायचे आणि श्वास बाहेर सोडायचा. मग बसून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभं राहून, मग बाजूला, मग पुढे गोल वळून. हात आपटल्याने पडण्याचा मार एका जागी न बसता पसरतो आणि हनुवटी आत असल्याने डोक्याची मागची बाजू वाचते. एकदा हे अंगात भिनलं की आयुष्यभर पुरतं. खरं सांगायचं तर मॅटवर शिकवलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये ज्याचा उपयोग मुलांना सगळ्यात जास्त वेळा होणार आहे ती गोष्ट म्हणजे हीच, कारण हल्ला बहुतेकांवर कधीच होणार नाही पण सायकलवरून, जिन्यावरून, ओल्या फरशीवरून पडणार प्रत्येकजण आहे. माझ्याकडची एक मुलगी सायकलवरून उडाली आणि घरी जाऊन आईला काय म्हणाली तर "हनुवटी आत होती माझी." कोपर खरचटलं होतं आणि ही अभिमानाने हनुवटीचं सांगतेय. तिच्या आईने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही मेडलने झालेला नाही.

पडणं येत नसताना पाडायला शिकवलं तर काय होतं, तेही इथेच लिहिते कारण हे वाचणाऱ्यांमध्ये कुणी शाळेत असा उपक्रम सुरू करायच्या विचारात असेल तर त्यांना हे माहीत असायलाच हवं. जपान म्हणजे ज्युडोचं घर, आणि तिथे 1983 नंतरच्या साधारण तीन दशकांत शाळेतल्या ज्युडोमध्ये शंभराहून जास्त मुलं दगावली. शंभराहून जास्त. मोठं कारण होतं डोक्याला मार, त्यातही नवशिक्या मुलांना मागच्या बाजूला आपटणारे डाव, पाय मागून काढून घेणारे. डोकं मॅटवर आदळलं नाही तरी जोरात हिसका बसला तरी मेंदूला इजा होऊ शकते हे लोकांना कळायला फार वेळ लागला. 2012 पासून तिथल्या माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या झाल्या, म्हणजे ज्युडो, केन्दो (बांबूच्या तलवारीचा खेळ), सुमो यांसारखं काहीतरी एक शिकायचंच, त्या सुमारास या मृत्यूंवर मोठी चर्चा झाली, मेलेल्या मुलांचे पालक एकत्र आले, नियम कडक झाले. फ्रान्समध्ये लाखो मुलं ज्युडो खेळतात आणि तिथे शिकवायचं मानधन घ्यायचं तर सरकारी डिप्लोमा लागतो. ज्याला स्वतःला डाव चांगला येतो त्याला तो लहान मुलाला शिकवताही येतो असं नसतं, हे दोन वेगळे गुण आहेत.

त्यामुळे मुलाच्या डोक्याला मार बसला, चक्कर येतेय, मळमळतंय, विचित्र बोलतंय, किंवा नुसतंच "बरं नाही वाटत" म्हणतंय, तर त्या दिवशी ते मूल परत मॅटवर येत नाही आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत पुढचे दिवसही येत नाही. यावर वाद घालायचा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2016 मध्ये मुलांच्या मार्शल आर्ट्सवर अहवाल काढला होता, त्यांचं म्हणणं साधारण हेच की मार न लागणारे प्रकार, म्हणजे काता, तंत्र, हे मुलांसाठी चांगले आणि सुरक्षित आहेत, डोक्यावर मारायला गुण देणारे नियम नकोत. हेल्मेट घातलं की झालं असं काहींना वाटतं, पण हेल्मेटने आतला मेंदू हलायचा थांबत नाही.

आता सेल्फ डिफेन्सबद्दल. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय आणि सगळ्यात जास्त काळजीही इथेच वाटते.

दोन दिवसांच्या शिबिरात मुलींना रांगेत उभं करून नाकावर मारा, गुडघ्याने मारा, केस ओढले तर असं करा, असं शिकवतात, टाळ्या वाजतात, फोटो निघतात, सर्टिफिकेट मिळतं. अंग उघडतं, ओरडायची लाज जाते, हा फायदा मी नाकारणार नाही. पण त्या मुलीला जर असं वाटायला लागलं की मला आता कुणी काही करू शकत नाही, तर आपण तिचं नुकसान केलंय. दहा वर्षांच्या मुलीची आणि मोठ्या पुरुषाची ताकद कुठल्याच युक्तीने सारखी होत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं, मुलांवर अत्याचार करणारा माणूस बहुतेक वेळा अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी नसतोच, तो ओळखीचा असतो, घरातला, शेजारचा, शिकवणारा, ज्याच्याबद्दल मुलाला आदर किंवा प्रेम आहे असा. त्याच्या नाकावर बुक्की मारायची हिंमत कुठलं मूल करणार? तिथे लागते ती दुसरीच हिंमत. हे बरोबर नाही असं स्वतःशी मान्य करण्याची, नको म्हणण्याची, तिथून निघून जाण्याची, आणि मग विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगण्याची. आणि पहिल्या माणसाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याला.

म्हणून माझ्या क्लासमध्ये आवाजाचा तास वेगळा असतो. मुलांना पोटातून ओरडायला लावते, आणि तुम्हाला खोटं वाटेल पण पडण्यापेक्षा हे त्यांना जड जातं, मुलींना तर फारच. आवाज घशातच अडकतो, मग हसू येतं, मग एकमेकींकडे बघतात. मी घाई करत नाही. किंचाळायचं नाही, छोटे शब्द म्हणायचे, "थांब", "मागे हो", "हात लावू नको", आणि म्हणताना पाय जमिनीवर घट्ट, हात छातीसमोर उघडे, नजर समोरच्यावर. मग जोडीने करायचं, एक चालत पुढे येतो आणि दुसऱ्याला जिथे नकोसं वाटेल तिथे तो "थांब" म्हणतो, आणि येणारा थांबतो. प्रत्येकाची ती जागा वेगळी असते. एखादा अगदी नाकाजवळ येऊ देतो, एखादी चार हातांवरच थांबवते, आणि आज जिने चार हातांवर थांबवलं ती उद्या मैत्रिणीला जवळ येऊ देईल आणि परवा परत नाही देणार, आणि हे सगळं ठीक आहे. मनगट सोडवणं शिकवते तेव्हाही तेच, पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे पकड कच्ची असते, त्या फटीच्या दिशेने कोपर वळवून हात ओढायचा, आणि सुटला की तिथे उभं राहून दुसरा डाव टाकायचा नाही. पळायचं. माणसं असतील तिकडे पळायचं. चित्रपटासारखं वळून मारायला जायचं नाही, हे मी इतक्या वेळा सांगते की मुलं माझ्याआधी म्हणून टाकतात.

आणि अजून एक गोष्ट दर वर्षी, प्रत्येक वर्गात, मुलगे असोत की मुली, मी सांगतेच. भीतीने अंग गोठून गेलं, आवाजच फुटला नाही, हात उचललाच गेला नाही, तर ती तुमची चूक नाही. शरीर कधीकधी असं करतं, मोठ्यांचंही करतं, सैनिकांचंही करतं. तुम्ही इथे शिकलात म्हणून तुम्ही लढायलाच हवं होतं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे. जे झालं त्याचा दोष करणाऱ्याचा. सेल्फ डिफेन्स शिकवणाऱ्याने हे वाक्य गाळलं तर बाकीचं सगळं शिकवणं उलट मुलांच्या अंगावर येऊ शकतं, कारण मग जी मुलगी ओरडू शकली नाही ती आयुष्यभर स्वतःलाच विचारत बसेल की मला तर शिकवलं होतं, मग मी का नाही केलं.

याचा उपयोग होतो का, असं पालक विचारतात आणि विचारायलाच हवं. कॅनडामध्ये विद्यापीठातल्या मुलींवर झालेला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, बारा तासांचा कोर्स होता, आणि त्यात शारीरिक बचाव एवढंच नव्हतं, ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, तो मनाशी मान्य करायला आपल्याला जड का जातं, आपल्याला काय हवंय काय नकोय, हे सगळं होतं. वर्षभराने बघितलं तर नुसती माहितीपत्रकं दिलेल्या गटात बलात्काराचं प्रमाण 9.8 टक्के होतं आणि कोर्स केलेल्या गटात 5.2 टक्के. त्या मुली मोठ्या होत्या, शाळकरी मुलांवर हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण काय शिकवल्याने फरक पडतो याची दिशा त्यात स्पष्ट दिसते.

स्वभावावर काय परिणाम होतो याचेही अभ्यास आहेत आणि ते एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवं कारण मार्शल आर्ट्स म्हणजे आपोआप चांगलं मूल असा प्रचार मला पटत नाही. 1986 मध्ये अमेरिकेतला एक छोटा अभ्यास आला, गुन्हेगारीकडे वळलेल्या 13 ते 17 वर्षांच्या मुलांवर. एका गटाला तायक्वांदो, म्हणजे कोरियातली लाथांवर भर देणारी युद्धकला, पारंपरिक पद्धतीने शिकवलं, ध्यान, काता, विचार, आदर यांच्यासकट. दुसऱ्या गटाला नुसतं लढणं. तिसऱ्या गटाला साधे खेळ आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता उतरली होती आणि नुसतं लढणं शिकलेल्या गटाची वाढली होती. मुलं जेमतेम तीस-पस्तीस होती म्हणून याच्यावर इमला बांधता येत नाही, पण 2005 मध्ये नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासातही दिसलं की बॉक्सिंग, कुस्ती, मार्शल आर्ट्स अशा ताकदीच्या खेळांत गेलेल्या मुलांचं दांडगट वागणं कमी न होता वाढलं. याउलट 2004 च्या एका अभ्यासात लहान वर्गांतल्या मुलांना शाळेच्या पीटीच्या तासालाच तीन महिने पारंपरिक तायक्वांदो शिकवलं, तर नुसती पीटी करणाऱ्यांपेक्षा ती मुलं स्वतःला जास्त सावरायला लागली, वर्गातलं वागणं सुधारलं, तोंडी गणितातसुद्धा फरक पडला. त्या मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवलं होतं, मी कुठे आहे, मी काय करतोय, मी काय करायला हवं. किती साधं आहे! हे मी वाचलं आणि तेव्हापासून माझ्या क्लासमध्येही हे प्रश्न आहेत, आणि मारामारीच्या बेतात असलेला मुलगा मध्येच थांबून पुटपुटताना दिसतो तेव्हा मला वाटतं की हेच, याच्यासाठीच तर सगळं.

म्हणजे तोच डाव, तीच लाथ, आणि परिणाम दोन्ही टोकांचे. फरक शिकवण्याच्या पद्धतीत आहे. त्यामुळे आमच्या शाळेत कराटे आहे एवढं ऐकून समाधान मानू नका, तासाला जाऊन बसा. मूल हरतं तेव्हा सर काय बोलतात ते ऐका. टॅप केल्यावर समोरचा किती पटकन सोडतो आणि उशीर केला तर त्याला कोण आणि कसं बोलतं ते बघा. जोड्या वजन-उंचीप्रमाणे लावतात का, की मजा म्हणून लहानाला मोठ्यापुढे उभं करतात? दुसरं मोठं माणूस खोलीत असतं का? या विद्येत शिकवणाऱ्याला मुलांच्या अंगाला हात लावावाच लागतो, पाय सरकवायला, कंबर वळवायला, म्हणून दार उघडं असलं पाहिजे आणि हात लावायच्या आधी विचारलं पाहिजे. मी विचारते. "पाय धरून दाखवू का?" आणि मूल नाही म्हणालं तर मी लांबूनच करून दाखवते. मी स्वतः मुलाला धरून डाव दाखवत असेन आणि त्याने टॅप केलं तर मीही सोडते, वाक्य अर्धं राहिलं तरी सोडते. टॅप मोठ्यांना लागू नसेल तर मुलं काय शिकली? तर बळ असलेल्याने थांबायची गरज नसते, एवढंच.

बेल्टबद्दल थोडंसं. रंगीत बेल्ट ही काही प्राचीन गोष्ट नाही, आज सगळीकडे दिसणारी ती रंगांची उतरंड 1930 च्या दशकात युरोपात पसरली, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा त्यात मोठा हात होता. शिकणाऱ्याला आपण पुढे सरकतोय हे दिसावं, हा हेतू चांगलाच होता आणि लहान मुलांना त्याने हुरूप येतो हे मी रोज बघते. पण दर तीन महिन्यांनी फी भरा आणि रंग बदला असं झालं की मूल शिकतं ते रंग विकत मिळतो हे. आणि स्पर्धांचं तर काय सांगू. 2022 मध्ये जपानच्या ज्युडो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंदच करून टाकली, कारण दहा-बारा वर्षांच्या पोरांना वजन उतरवायला लावणं, हरल्यावर पालकांनी आणि प्रशिक्षकांनी त्यांच्यावर ओरडणं, काहीही करून जिंका, हे सगळं हाताबाहेर गेलं होतं. ज्या देशाने ही कला जगाला दिली त्यांनी स्वतःच्या लहान मुलांसाठी राष्ट्रीय मेडल काढून घेतलं. तिथे पुष्कळ विरोध झाला, मला मात्र वाटतं की इतका धाडसी निर्णय खेळाच्या जगात क्वचितच कुणी घेतला असेल.

शेवटी एक मुद्दा राहतो जो शाळेतल्या उपक्रमातच येतो, खाजगी क्लासमध्ये येत नाही. क्लासला आवड असलेली मुलं येतात, शाळेत मात्र पूर्ण वर्ग येतो. त्यात असं एखादं मूल असतंच ज्याला हे नको असतं, कुणी अंगाला हात लावलेला नको असतो. कारण कधी कळतं, कधी कळत नाही, आणि ते खणून काढणं माझं काम नाही, पण लक्ष ठेवणं आहे आणि गरज वाटली तर समुपदेशकांच्या कानावर घालणं आहे. एका बाजूला मी मुलांना सांगणार की तुमच्या नकोला किंमत आहे आणि दुसऱ्या बाजूला टाइमटेबलमध्ये आहे म्हणून जोडी करायलाच लावणार, हे मला जमणार नाही. त्यामुळे माझ्याकडे जोडीचा सराव कुणावरच सक्तीचा नाही. ज्याला नको त्याने कडेला एकट्याने पडण्याचा सराव करायचा, काता करायचा, नाहीतर घड्याळ धरून इतरांची वेळ लावायची. बरीचशी मुलं काही दिवसांनी स्वतःहून येतात. एक मुलगी नाही आली. पूर्ण वर्ष तिने एकटीनेच सराव केला, आणि तिचं मागचं पडणं अख्ख्या वर्गात सगळ्यात स्वच्छ होतं. वर्षाच्या शेवटी शाळेने ग्रेड मागितली आणि फॉर्मवर एक रकाना होता, जोडीदारासोबतचा सहभाग. तो रिकामा ठेवला तर एकूण ग्रेड खाली येत होती. मी जाऊन बोलले, दोनदा बोलले, तिने वर्षभर स्पष्टपणे आणि शांतपणे नाही म्हटलं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही, या विषयात आपण हेच तर शिकवतोय, असं म्हटलं. तिला "अ" मिळाला. आता पुढच्या वर्षीच्या फॉर्ममधून तो रकाना काढायचा की त्याच्या शेजारी अजून एक टाकायचा यावर आमची चर्चा चालू आहे.